कच्चे घर आणि पक्के घर

रोजच्या बोलण्यात आपण काही शब्द इतके सहज वापरतो की त्यांच्या पोटात काय आहे हे पाहण्याची गरजच आपल्याला वाटत नाही. ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ ही अशीच एक जोडी आहे. मातीचे घर ते कच्चे, विटा-सिमेंटचे ते पक्के, हा निवाडा आता सरकारी कागदापासून सोयरिकीच्या बैठकीपर्यंत सर्वत्र मान्य झाला आहे. आमच्या वऱ्हाडात, अमरावती-अकोल्याच्या खेड्यापाड्यांत, गेल्या दोन पिढ्यांत मातीची घरे एकामागून एक गेली आणि त्यांच्या जागी स्लॅबची, नाहीतर टिनपत्र्याची घरे आली. हे योग्य झाले काय? मातीच्या घरात राहणे हे दारिद्र्याचे लक्षण मानावे की विवेकाचे? आणि ज्याच्या हाती निवड करण्याइतका पैसा आहे, त्याचे या बाबतीत काही कर्तव्य आहे काय? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. हा गवंड्याचा प्रश्न आहे, कीर्तनकाराने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु मनुष्य कशाच्या आसऱ्याने राहतो आणि त्या आसऱ्याचे मोल कोणाकडून वसूल करतो, हा धर्माचाच प्रश्न आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘पक्के’ हा शब्द संस्कृत ‘पक्व’ यावरून आला. पक्व म्हणजे शिजलेले, भाजलेले, अग्नीतून निघालेले. या अर्थाने आजचे पक्के घर खरोखरच पक्व आहे. वीट भट्टीत भाजली जाते. लोखंडी सळई भट्टीतून येते. सिमेंटसाठी चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. उलट ‘मृद्’ म्हणजे माती हा शब्द ज्या धातूवरून सिद्ध होतो त्याचा अर्थ मर्दन करणे, चुरणे, दाबणे असा आहे. मातीला बळ येते ते मर्दनाने. तुडवून, चोपून, धुमसाने ठोकून ती घट्ट होते, आणि तिला अग्नीची गरज लागत नाही. भिंतीला संस्कृतात ‘भित्ति’ म्हणतात. तो शब्द ‘भिद्’ म्हणजे फोडणे, तोडणे या धातूचा. जिला आपण टिकाऊपणाची खूण समजतो, तिच्या नावातच फुटणे सांगून ठेवले आहे! आणि आपल्या वऱ्हाडातला ‘कूड’ हा संस्कृत ‘कुड्य’ या शब्दाचा वंशज. म्हणजे पऱ्हाटी-तुऱ्हाटीच्या कुडाला शेणमातीचा लेप देणारी आपली बाई जो शब्द बोलते, तो पंडितांच्या कोशातलाच आहे. त्याला गावंढळ म्हणण्याचे कारण नाही.

आता मातीकडे वळू. आपल्याकडे शेताला ‘काळी’ म्हणतात आणि गावठाणाला ‘पांढरी’. काळीत पेरावे, पांढरीत राहावे, ही पूर्वजांनी केलेली वाटणी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेताला पडलेल्या भेगांत हात जातो, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. अशा मातीची भिंत उभी केली तर तीही तशीच फाटेल. पांढऱ्या मातीत हा फुगण्याचा दोष कमी असतो, म्हणून भिंतीला ती घेत. पण ही पांढरी आली कोठून? पुष्कळ जुन्या गावांच्या बाबतीत याचे उत्तर मोठे विचार करण्यासारखे आहे. शेकडो वर्षे लोकांनी मातीची घरे बांधली, ती पडली, त्यांच्यावर पुन्हा घरे बांधली. चुलीतली राख, शेणाचे सारवण, भिंतीची माती यांचे थर साचत गेले आणि गावाचे टेकाड झाले. जुन्या वस्त्या शोधणारे संशोधक दख्खनच्या पठारावर ही पांढरच हुडकत फिरतात.

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर आपणा सर्वांना ठाऊक आहे. ते रुक्मिणीमातेचे माहेर, आणि तेथून पंढरीला जाणारी पालखी वऱ्हाडातल्या जुन्या पालख्यांपैकी एक. त्या गावच्या टेकाडाचे उत्खनन १९६० च्या दशकात मो. गं. दीक्षित यांनी केले, तेव्हा सातवाहनांच्या काळचे आणि त्याहूनही जुने वस्तीचे थर एकाखाली एक मिळाले. म्हणजे वऱ्हाडातला मनुष्य पांढरीची माती खणून भिंत घालत असे, तेव्हा पुष्कळदा तो पणज्याच्या पणज्याचे पडलेले घरच पुन्हा उभे करीत असे. एक घर पडले की त्याच मातीत दुसरे उठावे, आणि उरलेली माती शेतात टाकली तर तिथे पीक यावे, अशी ही सोय होती. ‘पांढरी’ आणि ‘पंढरी’ या शब्दांची जवळीक कानाला गोड लागते. ती व्युत्पत्ती म्हणून आम्ही सांगत नाही. पण जिथे पिढ्यान् पिढ्या माणसे येतात, जातात आणि वाट मात्र चालू राहते, त्या दोन्ही जागा आहेत एवढे म्हणायला हरकत नाही.

या मातीत केवळ झोपड्याच उभ्या राहिल्या असे नाही. देशमुख-पाटलांच्या गढ्या वऱ्हाडात अजून जागोजाग दिसतात. खाली कित्येक फूट रुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या त्या भिंती पांढऱ्या मातीच्या आहेत. वरचे छप्पर होते तोवर त्यांनी पावसाळ्यामागून पावसाळे झेलले. वाटण्या झाल्या, माणसे शहरात गेली, कवेलू कोणी फेरेनात, माथा उघडा पडला, आणि मग पाच-दहा पावसाळ्यांत भिंत ओघळू लागली. माती तीच आणि पाऊसही तोच. निगा करणारा मनुष्य तेवढा निघून गेला होता.

ठोकलेल्या मातीची भिंत कशी उभी करतात, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मातीत चिकणमाती फार नको. शंभरात पंधरा ते तीस भाग पुरे, बाकी रेती, बारीक खडा, मुरूम. पाणी इतकेच की मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि तो कंबरेइतक्या उंचीवरून टाकला तर चार-पाच तुकडे व्हावेत. चिखल झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. दोन्ही बाजूंना फळ्यांचा साचा बांधतात, आत वीतभराहून कमी जाडीचा थर पसरतात आणि धुमसाने ठोकतात. प्रथम आवाज भद्द येतो. ठोकता ठोकता तो टणक होऊ लागला की समजावे, थर बसला. मग दुसरा थर. खाली दगडी जोते दीड-दोन फूट तरी हवे आणि वर छपराची वळचण हातभर पुढे हवी. पाणी खालून चढू नये आणि वरून मारू नये, हे या विद्येचे सार आहे. जिथे पाऊस जास्त लागतो तिथे मातीत थोडा चुना किंवा शंभरास पाच-आठ भाग सिमेंट मिसळतात.

अशा भिंतीचा गुण उन्हाळ्यात कळतो. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि केवळ उन्हामुळे जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढण्याची वेळ आली. दंगलीसाठी जो आदेश निघायचा तो सूर्यासाठी निघाला! अशा उन्हात टिनाचे घर तत्काळ तापते. चार-पाच इंची स्लॅब तीन-चार तासांत तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहतो; म्हणून माणसे मध्यरात्रीही गच्चीवर पाणी मारताना दिसतात. दीड फुटाच्या मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला दहा-बारा तास लागतात. ती आत येईपर्यंत सूर्य बुडालेला असतो, दारे-खिडक्या उघडलेल्या असतात, आणि वाऱ्याने भिंत पुन्हा निवते. ज्याच्याकडे कूलर आहे आणि कूलरला पाणी आहे त्याचे निभते. पण दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या खारपाणपट्ट्यात प्यायच्या पाण्याचीच वानवा. तिथे गरिबाने टिनाखाली दुपार काढायची कशी?

येथे पक्व या शब्दाकडे पुन्हा यावे लागते. जगात माणसाच्या करणीने जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, त्यात शंभरातला सात-आठ भाग एकट्या सिमेंटचा आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. त्या वायूने पृथ्वी तापते. म्हणजे आपण भिंतीसाठी अग्नी पेटवला, भिंत पक्की झाली, आणि तो अग्नी कोठे विझला नाही. तो आकाशात साचला आणि आता वैशाखात आपल्याच डोक्यावर उतरतो आहे. कर्माचे फळ कर्त्याला चुकत नाही, हे आपण कीर्तनात सांगतो. परंतु येथे एक वेगळीच गोष्ट आहे. ज्याने दोन मजले चढवले तो गारवा विकत घेतो, आणि फळ भोगतो तो टिनाखालचा मजूर, भर उन्हात रस्त्यावर डांबर टाकणारी बाई, चाऱ्यासाठी फिरणारे जनावर. करणारा एक आणि भोगणारा दुसरा, असे जिथे घडते तिथे अन्याय आहे हे सांगायला कोणतेही शास्त्र काढून दाखवायला नको.

आता पूर्वपक्ष मांडू, आणि तो कमजोर करून मांडणार नाही. आम्ही वऱ्हाडातल्या गावोगावी कीर्तने करतो आणि हा विषय निघाला की लोक स्पष्ट बोलतात. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी एक शेतकरी म्हणाला, “महाराज, तुमचं बोलनं पटते. पन मातीच्या घरात पोराले पोरगी कोन देते जी?” तिथेच एक म्हातारी म्हणाली, “सारवता सारवता कंबर गेली माही. आता पुरे.” या दोन वाक्यांना उत्तर दिल्यावाचून मातीचे गुणगान करणे हे वाऱ्यावर निरूपण करण्यासारखे आहे.

याखेरीज आणखी दोन आक्षेप आहेत. एक पावसाचा. झडीच्या दिवसांत भिजलेली भिंत रात्री कोसळते आणि झोपलेली माणसे जातात, हे दर पावसाळ्यात घडते. दुसरा भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली आणि हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. ती घरे मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचे ओझे होते. ज्यांची माणसे तिथे गेली त्यांना मातीचे कौतुक ऐकवायला जीभ उचलत नाही.

या आक्षेपांचे उत्तर असे. किल्लारीत माणसे मेली ती भिंतीत जोडदगड नव्हते, कोपरे बांधलेले नव्हते आणि छपराचे ओझे अफाट होते म्हणून. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये त्याहून मोठा भूकंप झाला, तेव्हा तिथले भुंगे, म्हणजे मातीच्या भिंतीची, हलक्या गवती छपराची गोल घरे, पुष्कळ ठिकाणी उभी राहिली आणि शेजारच्या काँक्रीटच्या इमारती पडल्या. म्हणून दोष ज्ञान विसरण्याचा आहे. तो मातीवर ढकलणे बरोबर नाही. मातीच्या घरांना भूकंपात टिकवण्यासाठी काय करावे याची भारतीय मानक संस्थेची मार्गदर्शिका १९९३ पासूनच उपलब्ध आहे. ती गावच्या गवंड्यापर्यंत पोचवणे हे आपले काम राहिले. पावसाचे म्हणाल तर आपल्याकडे वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पडतो. चीनच्या फुजियान प्रांतात याहून कितीतरी अधिक पाऊस पडतो, आणि तिथे ठोकलेल्या मातीच्या अनेक मजली वर्तुळाकार वास्तू शेकडो वर्षे उभ्या आहेत, त्यांत अजून कुटुंबे राहतात. २००८ साली त्यांना जागतिक वारशात स्थान मिळाले. दगडी जोते आणि रुंद वळचण, हेच तिथले रहस्य. आणि खारपाणपट्ट्यात काँक्रीट तरी कुठे अमर आहे? खारे पाणी वापरून ओतलेल्या स्लॅबच्या सळया गंजतात, फुगतात आणि पापुद्रे खाली पडतात. खार मातीच्या भिंतीचाही पाया खातो, हे खरे. पण मातीची भिंत खाल्ली गेली की घरधनी टोपलीभर गाऱ्याने ती भरून काढतो. गंजलेली सळई दुरुस्त करणारा गावात कोण आहे?

म्हातारीच्या वाक्याला उत्तर एवढेच की ती बरोबर बोलली. मातीचे घर टिकले ते बायकांच्या कंबरेवर. पोतणे, सारवणे, सडा घालणे हे सारे त्यांच्याकडे आणि घराचे नाव पुरुषाचे. ‘निगा’ हा जर घराचा धर्म असेल तर तो घरातल्या सर्वांचा आहे. वारीच्या वाटेवर पुरुष हंडे घासतात, पाणी आणतात, तेव्हा त्याला आपण सेवा म्हणतो; तोच पुरुष घरी सारवणाच्या बादलीला हात लावीत नाही. हे बदलले पाहिजे. शिवाय भिंत नीट ठोकलेली असली आणि वर चुन्याचा गिलावा असला, तर दर सणाला पोतण्याचे कारण राहत नाही. कष्ट कमी करणारे ज्ञान नाकारून कष्टांचे गोडवे गाणे हा अधर्म आहे.

आता शेतकऱ्याचा प्रश्न. तो सर्वांत कठीण आहे, कारण त्याचा संबंध लोकांच्या नजरेशी आहे, आणि नजर मुरुमाने सुधारत नाही. गरिबाने मातीचे घर सोडले ते केवळ गैरसमजाने सोडले नाही. ज्यांना तो मोठा मानतो, त्या सर्वांनी ते आधी सोडले होते. सावकाराने सोडले, मास्तराने सोडले, महाराजांच्या मठाने सोडले, देवळाने सोडले. मग त्यानेच एकट्याने विवेकाची ध्वजा घेऊन उन्हात का उभे राहावे? स्वतः स्लॅबखाली पंख्याच्या वाऱ्यात बसून दुसऱ्याला मातीचे माहात्म्य सांगणे हा दांभिकपणा आहे, आणि आपल्या संप्रदायात दंभाला थारा नाही.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची गोष्ट म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखी आहे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, तेव्हा घराला १०० रुपयांहून अधिक खर्च नको आणि सामान आसपासचेच हवे, अशी त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची ती कुटी देशभरच्या पुढाऱ्यांनी आणि परदेशच्या पाहुण्यांनी पाहिली. ज्याला निवड करता येत होती त्याने ती केली, म्हणून त्या मातीला मान आला. ती कुटी आजही उभी आहे, कारण तिची निगा सतत होते. आपल्या अमरावतीचे गाडगेबाबा यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे वारकऱ्यांसाठी आणि गोरगरिबांसाठी भक्कम धर्मशाळा बांधवल्या, आणि स्वतः खापर आणि खराटा घेऊन फिरत राहिले. दगडविटांचे बांधकाम करणे हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही हे यावरून ध्यानात यावे. हजारो माणसांच्या गर्दीला जे लागते ते करावे. आपल्या चार माणसांना जे लागत नाही ते केवळ मिरवण्यासाठी करणे, येथे प्रश्न उभा राहतो.

सरकारी घरकुलाविषयीही एक शब्द. २०१६ पासून चाललेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागासाठी पक्क्या घराची जी कसोटी दिली आहे तिचा भाव असा की रास्त देखभाल केल्यास ते ऊनपाऊस सोसून निदान ३० वर्षे टिकावे. यात देखभाल हा शब्द आहे, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. नीट ठोकलेली, दगडी जोत्यावरची, छपराखालची मातीची भिंत या कसोटीला उतरू शकते. तरी ज्याला घरकुल मिळत आहे त्याने ते सोडावे असे आम्ही कधीही सांगणार नाही. त्याच्या डोक्यावरचे छप्पर हा आमच्या सिद्धान्ताचा प्रयोग नव्हे. घेताना मात्र जुनी जाड भिंत शाबूत असेल तर ती पाडण्याची घाई करू नये, दुपारची खोली म्हणून ती राखावी, एवढे सुचवतो.

तेव्हा आमचा निर्णय असा. गोरोबाकाकांनी थापटणे हातात घेऊन संतांच्या मेळ्यात कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के हे पारखले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यांनी माणसे पारखली, घरे पारखली नाहीत. मडक्याला पाक लागतो, कारण त्यात पाणी राहायचे असते. जीवालाही साधनेचा पाक लागतो. भिंतीला तो लागतोच असे नाही. आपण उलटे करून बसलो. घर पक्के केले आणि मन कच्चे ठेवले. शेजारी काय म्हणेल एवढ्या एका धक्क्याने फुटणारे मन घेऊन आपण तीस वर्षांच्या हप्त्यांवर स्लॅब ओततो.

म्हणून ज्यांच्याजवळ साधन आहे त्यांनी आधी पाऊल टाकावे. गावात विठ्ठलमंदिराचा सभामंडप वाढवायचा असेल, दिंडीच्या मुक्कामासाठी खोली बांधायची असेल, मठात पाठशाळा काढायची असेल, तर निदान एक वास्तू तरी ठोकलेल्या मातीची, दगडी जोत्याची, रुंद वळचणीची बांधावी. जाणत्या अभियंत्याला विचारावे, माती तपासून घ्यावी, गावच्याच गवंड्यांना आणि तरुणांना त्या कामावर शिकवावे. ज्येष्ठात भर दुपारी त्या खोलीत चार माणसांनी पाठ टेकली की मग निरूपणाची गरज राहणार नाही. देव ज्या भिंतीआड बसला ती भिंत हलकी, असे कोणी म्हणणार नाही. आणि सोयरिकीला आलेला पाहुणाही तिथे टेकून बसेल. त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला याहून खरे उत्तर आम्हाला सुचत नाही. बांधकाम काढणाऱ्या मंडळींनी आराखड्यावर सही करण्याआधी याचा एकदा विचार करावा, एवढीच विनंती.